पोर्शे ९४४ चे ड्राइव्हशाफ्ट : निदान, दुरुस्ती आणि सुधारणा

पोर्शे ९४४ ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात जर्मनीतील नेकार्सउल्म येथील आउडीच्या कारखान्यात तयार होत असे. तिचा आराखडा १९७६ साली आलेल्या ९२४ वरून घेतलेला आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात मागे, आणि या दोहोंना जोडणारी एक भक्कम नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, अशी ती मांडणी आहे. पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मे-निम्मे पडते, त्यामुळे वळणावर ही गाडी आजही नव्या गाड्यांना लाजवते. मात्र सगळ्यात नवी ९४४ सुद्धा आता तिशी ओलांडून गेलेली आहे. त्यामुळे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या प्रत्येक भागाची तपासणी करणे ही मालकाची नेहमीचीच जबाबदारी झाली आहे.

या गाडीत ‘ड्राइव्हशाफ्ट’ हा शब्द दोन वेगळ्या भागांसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. पहिला भाग म्हणजे टॉर्क ट्यूबमधला मधला शाफ्ट. तो सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि चार बेअरिंगांवर फिरतो. क्लच पुढे इंजिनापाशी असल्यामुळे हा शाफ्ट गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाही इंजिनाच्याच वेगाने, वेळप्रसंगी मिनिटाला ६५०० फेऱ्यांपर्यंत, फिरत असतो. दुसरा भाग म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या दोन चाकांकडे जाणारे अर्धे शाफ्ट. त्यांच्या दोन्ही टोकांना सी.व्ही. जॉइंट, म्हणजे शाफ्ट कोनात वाकलेला असतानाही एकसारख्या वेगाने फिरवणारे जोड, असतात. मधल्या शाफ्टवर फक्त इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो, तर अर्ध्या शाफ्टवर गिअरने वाढवलेला टॉर्क येतो. साध्या २.५ लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे २०५ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो जवळपास १४ पट होतो, म्हणजे प्रत्येक बाजूच्या शाफ्टवर १४०० न्यूटन-मीटरच्या आसपास भार पडतो. एका भागाला वेग सोसावा लागतो आणि दुसऱ्याला भार, म्हणून दोघांची दुखणी आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी निदान, मग खरेदी

मागून खडखड ऐकू आली की लगेच नवे शाफ्ट मागवायचे, ही सवय महागात पडते. आवाज कशाच्या तालावर बदलतो, हे आधी पाहावे. तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल आणि गाडी उभी असतानाही येत असेल, तर संशय टॉर्क ट्यूबच्या बेअरिंगांवर, क्लचवर किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर घ्यावा. क्लचचे पेडल दाबताच घरघर थांबत असेल, तर टॉर्क ट्यूबची बेअरिंगे किंवा इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासावे. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर दोष बहुधा क्लच रिलीज बेअरिंगचा असतो. नक्की जागा शोधण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घेऊन नळीवर पुढून मागे सरकत ऐकत जावे.

आवाज इंजिनाशी नव्हे तर रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेला असेल, तर लक्ष अर्ध्या शाफ्टकडे आणि चाकांच्या बेअरिंगांकडे वळवावे. ९४४ च्या टायरचा परीघ साधारण दोन मीटर असतो, त्यामुळे ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारते. याच ठेक्यात टकटक येत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडताच तिचा सूर बदलत असेल, तर जॉइंटची झीज झाली आहे असे समजण्यास हरकत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर येणारी कटकट ही सी.व्ही. जॉइंटची ठळक खूण मानली जाते. ९४४ ची मागची चाके वळत नाहीत, त्यामुळे ती खूण येथे उपयोगाची नाही. येथे झिजलेला जॉइंट वेग घेताना थरथर निर्माण करतो, आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर ‘ठक’ असा आवाज देतो.

हा ‘ठक’ आवाज मात्र फसवा आहे. जुन्या ९४४ मधील क्लच प्लेटच्या मध्यभागी धक्का शोषणारा रबरी भाग असतो. वयोमानाने तो फुटू लागला की अगदी असाच आवाज येतो आणि लोक नाहक जॉइंट बदलत बसतात. यावर एक खात्रीची चाचणी आहे. इंजिन बंद करून गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवावी, बाकीच्या तीन चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एक चाक उचलून स्टँडवर घ्यावे. मग ते चाक हाताने थोडे पुढे-मागे फिरवावे आणि सहकाऱ्याने गिअरबॉक्सकडच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट ज्याला बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीवर, नजर ठेवावी. शाफ्ट हलतो पण फ्लँज जागचा हलत नाही, असे दिसले तर खेळ जॉइंटमध्ये आहे. शाफ्ट आणि फ्लँज एकत्रच फिरत असतील आणि तरीही मोकळा खेळ बराच जाणवत असेल, तर दोष पुढे, म्हणजे डिफरन्शियलमध्ये किंवा क्लचमध्ये आहे. डिफरन्शियलचा थोडा खेळ स्वाभाविक असतो, हे येथे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या बाजूचे चाकही असेच तपासून तुलना केली की अंदाज पक्का होतो.

शेवटी रबरी बूट, म्हणजे जॉइंट झाकणारी आवरणे, पाहावीत. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा सस्पेन्शनच्या आर्मवर ग्रीसचा पट्टा उडालेला दिसला, तर बूट फाटला आहे हे नक्की. सी.व्ही. जॉइंटचा मृत्यू सहसा याच वाटेने येतो. बूट फाटतो, ग्रीस बाहेर जाते, धूळ आणि पाणी आत शिरते आणि काही महिन्यांत कठीण पोलादाच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. वेळीच पकडले तर काम एका बुटाच्या आणि ग्रीसच्या खर्चात भागते.

हत्यारे आणि सुटे भाग

शाफ्टच्या प्रत्येक टोकाला सहा, म्हणजे दोन्ही शाफ्ट मिळून २४ बोल्ट असतात. ते ८ मिलिमीटरचे असून त्यांच्या डोक्यात बारा कोपऱ्यांची खाच असते. तिला बसणारा बारा कोपऱ्यांचा लांब बिटच वापरावा. वरवर पाहता टॉर्क्स किंवा ॲलन कीसुद्धा त्यात शिरते, पण जोर लावताच कोपरे गोल होतात आणि दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होऊन बसते. याशिवाय टॉर्क रेंच, सर्क्लिपची (शाफ्टच्या खाचेत बसून जॉइंट अडवणाऱ्या कडीची) पक्कड, बूट क्लॅम्प आवळण्याची पक्कड, हायड्रॉलिक प्रेस किंवा निदान भक्कम शेगडा (बेंच व्हाइस), पितळी ड्रिफ्ट, रॉकेल किंवा पार्ट क्लीनर, आणि पुसायला न सुटणाऱ्या धाग्यांची फडकी लागतील.

नव्या भागांत बूट, क्लॅम्प, सर्क्लिप, बोल्ट आणि दोन-दोन बोल्टांखाली बसणाऱ्या लांबट पट्ट्या घ्याव्यात. बोल्ट आणि पट्ट्या जुन्याच वापरून केलेली बचत खरी नव्हे, कारण ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढाच आवळलेला राहील याची खात्री नसते. ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली, सी.व्ही. जॉइंटसाठीचीच असावी. चाकाच्या बेअरिंगची ग्रीस येथे चालत नाही.

शाफ्ट उतरवणे

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवावा आणि गाडी हाताने हलवून पाहिल्याशिवाय खाली जाऊ नये. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

या गाडीची एक सोय अशी, की अर्धा शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर बोल्टनेच जोडलेला असतो, त्यामुळे चाकाच्या मधल्या प्रचंड आवळलेल्या नटाला हातही लावावा लागत नाही. बोल्टांच्या खाचांत ग्रीस आणि माती घट्ट बसलेली असते. ती टोकदार सळईने कोरून काढावी, खाचेत क्लीनर मारावा आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत पुसावे. त्यानंतर बिट हातोडीने हलकेच ठोकून खाचेच्या तळापर्यंत बसवावा. बोल्ट खराब होतात ते बहुतेक वेळा हीच पायरी गाळल्यामुळे. हँडब्रेक ओढून हाताला येणारे दोन बोल्ट सैल करावेत, ब्रेक सोडून चाक फिरवावे, पुन्हा ओढावा, असे करत सर्व बोल्ट सैल होतात. शेवटचा बोल्ट काढताना शाफ्टला खालून आधार द्यावा. एक टोक मोकळे करून शाफ्ट दुसऱ्या जॉइंटवर लोंबकळत ठेवल्यास जॉइंट त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो आणि बूटही फाटतो. बाहेर आलेल्या टोकांवर लगेच प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. फ्लँज उघडा असतानाच गिअरबॉक्सच्या ऑइल सीलकडे पाहून घ्यावे. तेथे तेल झिरपत असेल तर सील याच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते.

जॉइंट उघडणे आणि पारखणे

बूट मागे सरकवून सर्क्लिप काढावी आणि जॉइंटच्या आतल्या कड्याला आधार देऊन शाफ्ट प्रेसने बाहेर ढकलावा. जोर बाहेरच्या कड्यावर कधीही देऊ नये, कारण मग सगळा भार दोन कड्यांमधल्या छर्ऱ्यांवर (पोलादी गोळ्यांवर) आणि त्यांना धरणाऱ्या पिंजऱ्यावर येतो. जॉइंटच्या मागे एक बशीसारखी वाकलेली वॉशर असते. ती कोणत्या तोंडाने बसली आहे, याचा फोटो काढून ठेवावा.

बाहेरचे कडे, पिंजरा आणि आतले कडे यांच्या एकाच बाजूला रंगाची खूण करावी. पंच मारू नये, कारण हे पोलाद वरून फार कठीण केलेले असते. आता पिंजरा काटकोनात फिरवून सहा छर्ऱ्यांसह बाहेर काढता येतो. एका जॉइंटचे छर्रे दुसऱ्यात मिसळू देऊ नयेत, ते त्या त्या जॉइंटच्या मापाने जुळवलेले असतात. प्रत्येक जॉइंटला वेगळी वाटी ठेवणे सर्वांत सोपे.

सर्व भाग धुऊन, पूर्ण वाळवून चांगल्या उजेडात पाहावेत. कड्यांच्या पन्हळींमध्ये छर्रा जेथून धावतो तेथे चकाकीची रेघ दिसणे नैसर्गिक आहे. त्या रेघेवरून नख आडवे फिरवावे. नख सरळ घसरले तर जॉइंट वापरण्याजोगा आहे, ते अडखळले तर तेथे पायरी पडलेली आहे. खड्डे, सोललेले पापुद्रे, जळाल्यासारखा निळा रंग, पिंजऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातली बारीक चीर, यांपैकी काहीही दिसले तर जॉइंट भंगारात घालावा. पिंजऱ्याची चीर नुसत्या डोळ्याला चुकते, म्हणून भिंग घ्यावे. काढलेल्या ग्रीसचा थोडा भाग बोटांत चोळून उन्हात पाहावा. मॉलिब्डेनममुळे ती काळपट-राखाडी असणारच, पण त्यात चमचमणारे कण दिसले तर ते पोलादाचे आहेत.

बाजू बदलण्याची युक्ती

झीज थोडीच असेल, म्हणजे पन्हळ फक्त गुळगुळीत झाली असेल, तर डावा शाफ्ट उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवून जॉइंटांचे आयुष्य वाढवता येते. गाडी पुढे चालताना छर्रे पन्हळीच्या एकाच बाजूवर रेटले जातात. शाफ्टची बाजू बदलली की भार आजवर कमी वापरलेल्या दुसऱ्या बाजूवर येतो. पुष्कळ जण त्याऐवजी शाफ्ट त्याच बाजूला उलटा, म्हणजे आतले टोक बाहेर करून बसवतात. त्याने काहीच साधत नाही. शाफ्ट उलटल्यामुळे जॉइंटच्या दृष्टीने फिरण्याची दिशा बदलते हे खरे, पण त्याच वेळी आधी बाहेरचे कडे आतल्याला ढकलत होते ते आता आतले कडे बाहेरच्याला ढकलू लागते. हे दोन बदल एकमेकांना खोडतात आणि छर्रा त्याच झिजलेल्या पृष्ठभागावर दाबला जातो. बाजू बदलण्यापूर्वी दोन्ही शाफ्टची लांबी मात्र मोजून पाहावी, ती सारखी असेल तरच हे करावे. खड्डे पडलेल्या जॉइंटवर ही युक्ती चालत नाही.

पुन्हा जोडणी

या जॉइंटमधील पन्हळी सरळ नसून एकाआड एक डावी-उजवीकडे तिरक्या असतात. त्यामुळे कड्याच्या एका तोंडाकडून पाहिल्यास दोन पन्हळींमधले अंतर आळीपाळीने रुंद आणि अरुंद दिसते. जोडताना बाहेरच्या कड्याचा रुंद भाग आतल्या कड्याच्या अरुंद भागासमोर यायला हवा. आधी आतले कडे पिंजऱ्यात घालून छर्रे दाबून बसवावेत, मग हा संच काटकोनात बाहेरच्या कड्यात घालून फिरवावा. योग्य जुळणी असेल तर तळव्याच्या जोराने तो जागेवर बसतो. हातोडी घ्यावीशी वाटली, तर जुळणी चुकली आहे असे समजून पुन्हा उघडावे. बसलेला जॉइंट हाताने आत-बाहेर आणि सर्व दिशांना न अडकता सरकला पाहिजे.

शाफ्टवर आधी बूट आणि त्याचा लहान क्लॅम्प चढवावा, मग बशीसारखी वॉशर, मग जॉइंट. घाईत बूट बाहेरच राहिला तर प्रेसचे सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते. जॉइंट सर्क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत प्रेस करून नवी सर्क्लिप बसवावी आणि ती खाचेत सगळीकडे बसली आहे हे फिरवून तपासावे. ग्रीसचे पाकीट सहसा ९० ग्रॅमचे असते. त्यातली बहुतेक ग्रीस बोटाने दाबून छऱ्यांच्या मागे-पुढे भरावी आणि उरलेली बुटात ठेवावी. लहान क्लॅम्प आवळण्यापूर्वी बोथट पट्टीने बुटाचे ओठ क्षणभर उचलून आतली हवा सोडावी. नाही तर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि घडीवर घासून फाटतो.

गाडीवर बसवणे

फ्लँज आणि जॉइंट यांची एकमेकांना चिकटणारी तोंडे पूर्ण कोरडी आणि ग्रीसविरहित असावीत. टॉर्क मुख्यतः या दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून जातो, बोल्ट फक्त त्यांना दाबून धरतात. तेथे ग्रीसचा थर राहिला तर फ्लँज सूक्ष्म सरकू लागतो, बोल्ट सैल होतात आणि शेवटी एकामागून एक तुटतात. म्हणून फ्लँजच्या भोकांतील आटेही क्लीनरने धुऊन वाळवावेत. सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, मग समोरासमोरच्या जोड्यांनी २० न्यूटन-मीटरपर्यंत आणि त्यानंतर ४२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. हा आकडा ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आहे. आपल्या गाडीचे वर्ष आणि मॉडेल पाहून कारखान्याच्या पुस्तिकेतला आकडा जुळवून घ्यावा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत रंगाची सरळ रेघ ओढावी.

टॉर्क ट्यूबबद्दल थोडक्यात

टॉर्क ट्यूबच्या बेअरिंगांसाठी एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि नळी उतरवावी लागते. अंगणात जॅकवर हे काम करण्याचा सल्ला मी देणार नाही. ते लिफ्ट असलेल्या अनुभवी कार्यशाळेकडे द्यावे आणि नळी सुधारलेल्या बेअरिंगांनी भरून घ्यावी. मात्र क्लचसाठी नळी मागे घेतलीच असेल, तर बेअरिंगे, फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा पुढचा सील हे सगळे एकाच खेपेत उरकावे, कारण मजुरी भागांपेक्षा कितीतरी जास्त असते.

सुधारणा कोणत्या आणि कोणासाठी

इंजिन मूळ स्थितीत असेल तर सर्वांत मोलाची सुधारणा क्लचमध्ये आहे. रबरी मध्याच्या प्लेटऐवजी स्प्रिंगच्या मध्याची प्लेट घालावी. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सची खडखड थोडी वाढते, पण फुटून रस्त्यात सोडणारा भाग कायमचा जातो. अर्ध्या शाफ्टसाठी चांगल्या कंपनीचे नवे जॉइंट पुरेसे आहेत. स्वस्तात मिळणाऱ्या ‘नव्यासारख्या’ शाफ्टमध्ये पुष्कळदा जुन्याच पन्हळी घासून मोठे छर्रे घातलेले असतात. त्यांच्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे पारखून जोडलेला मूळ जॉइंट मला केव्हाही अधिक विश्वासाचा वाटतो.

टर्बो मॉडेलची गोष्ट वेगळी आहे. १९८६ च्या सुमाराच्या २२० अश्वशक्तीच्या टर्बोचा टॉर्क ३३० न्यूटन-मीटर होता आणि १९८८ च्या टर्बो एसचा ३५०. त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवून शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांनी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या) पोलादाचे पिंजरे आणि जास्त तापमान सोसणारी ग्रीस वापरावी. त्याहून पुढे जायचे असेल तर ९११ टर्बोच्या ९३० मालिकेतील १०८ मिलिमीटर व्यासाचे जॉइंट, त्यांना जुळणारे फ्लँज आणि शाफ्ट घालता येतात. पण साखळीतली एक कडी मजबूत केली की भार पुढच्या कडीवर जातो. साध्या ९४४ च्या गिअरबॉक्सवर टर्बोचा टॉर्क टाकल्यास मग शाफ्टऐवजी डिफरन्शियलमधला मोठा क्राउन गिअरच जातो, आणि त्याची किंमत जॉइंटांच्या कितीतरी पट असते. म्हणून मोठे जॉइंट घालण्याआधी गिअरबॉक्स कोणता आहे ते पाहावे.

सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केलेली असेल तर आणखी एक मोजमाप आवश्यक आहे. चारही चाके जमिनीवर असताना शाफ्टचा कोन फोनमधल्या कोनमापकाने मोजावा. गाडी जितकी खाली, तितका जॉइंट कायम वाकलेल्या स्थितीत फिरतो आणि प्रत्येक फेरीला छर्रे पन्हळीत पुढे-मागे घासतात, त्यातून उष्णता वाढते आणि ग्रीस पातळ होऊन निसटते. दोन्ही बाजूंच्या कोनांत ठळक फरक आढळला तर मागची उंची आधी समान करावी, नवे जॉइंट नंतर घालावेत.

काम पूर्ण झाल्यावर पहिले १०० किलोमीटर शांतपणे चालवून, गाडी थंड झाल्यावर २४ ही बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. एखाद्याची रंगाची रेघ सरकलेली दिसली तर तो नुसता आवळून सोडू नये. तो काढून, फ्लँजचे तोंड पुन्हा पुसून, नव्या बोल्टने बसवावा. पुढे दर वेळी तेल बदलताना बूट बोटांनी दाबून घड्यांच्या तळाशी चिरा पडल्या आहेत का, हे पाहावे. रबर तेथेच प्रथम फाटू लागते.